लहान कार्यशाळेसाठी रजा का मागावी? सौरभौतिकीत काम करणाऱ्यांना एक प्रश्न

अध्यापिका, कर्वेनगर

नमस्कार. मी पुण्यातील एका महाविद्यालयात पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना भौतिकशास्त्र शिकवते आणि अध्यापन सांभाळून सूर्याच्या वर्णगोलावर, म्हणजे दिसणाऱ्या पृष्ठभागाच्या लगेच वरच्या थरावर, संशोधन करते. आदित्य-एल१ या भारताच्या सौर यानाची निरीक्षणे इस्रोच्या ‘प्रदान’ संकेतस्थळावर खुली झाल्यापासून मी आणि माझी एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडलेल्या, त्या यानावरील ‘सूट’ या अतिनील दुर्बिणीच्या प्रतिमा अभ्यासत आहोत. येत्या हिवाळ्यात सौरज्वालांच्या (सूर्यावरील अचानक होणाऱ्या ऊर्जास्फोटांच्या) वेळी वर्णगोल आणि त्याच्या वरचा तप्त किरीट यांच्यात ऊर्जेची देवाणघेवाण कशी होते, एवढ्या एकाच विषयावर एक छोटी कार्यशाळा होणार आहे. जेमतेम पंचवीस माणसे असतील, बराचसा वेळ चर्चेसाठी राखलेला आहे आणि निबंधसंग्रह वगैरे काही निघणार नाही.

मी रजेचा अर्ज दिला तेव्हा आमच्या समितीने विचारले की जायचेच असेल तर शेकडो लोकांच्या परिषदेला जाऊन निबंध का वाचत नाही, त्याची निदान नोंद तरी होते. हा प्रश्न त्यांनी वाईट हेतूने विचारलेला नाही, त्यामुळे त्याला नेमके उत्तर द्यावे असे मला वाटते. ‘ओळखी होतात’, ‘प्रेरणा मिळते’ ही उत्तरे मलाही पुरेशी वाटत नाहीत. अशा लहान बैठकांमुळे या विषयाला प्रत्यक्षात काय मिळाले आहे? आणि विद्यार्थिनीला बरोबर नेणे योग्य ठरेल का?

बलरेषा

मॅडम, मी एकच उदाहरण देतो, पण ते सविस्तर देतो, कारण माझे स्वतःचे काम त्याच वाटेवरचे आहे.

सूर्याच्या किरीटातील, म्हणजे करोनातील, चुंबकीय क्षेत्र मोजणे अतिशय अवघड आहे. नियमितपणे मोजता येते ते खालच्या दीप्तिगोलावरचे, म्हणजे सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागावरचे, वर्णरेषांच्या ध्रुवीकरणावरून. त्यातही आडव्या घटकाची रेघ कळते, पण बाण कोणत्या टोकाला आहे ते कळत नाही. १८० अंशांची ही संदिग्धता वेगळ्या युक्तीने सोडवावी लागते. मग या मोजमापाला तळ मानून वरचे क्षेत्र गणिताने उभे करायचे, आणि त्यासाठी असे गृहीत धरायचे की किरीटात विद्युतप्रवाह बलरेषांना समांतर वाहतो, त्यामुळे क्षेत्राचे वायूवर बल उरत नाही. हे समीकरण अरेषीय आहे आणि ते सोडवण्याच्या पद्धती अनेक आहेत. सौरज्वालेची ऊर्जा कोठून येते याचे उत्तर या गणितावर अवलंबून असल्यामुळे विषय कळीचा होता, आणि या शतकाच्या सुरुवातीला निरनिराळ्या गटांपाशी आपापले संगणकीय प्रोग्राम होते, आपापले निबंध होते आणि आपापल्या सुंदर आकृत्याही होत्या.

सौरभौतिकीचे अभ्यासक कारेल श्रायव्हर यांच्या पुढाकाराने या सगळ्यांच्या छोट्या कार्यशाळांची एक मालिका सुरू झाली. तिची पद्धत साधी पण कठोर होती. उत्तर आधीच ठाऊक असलेले एक गणिती क्षेत्र घ्यायचे, त्याच्या सीमेवरची मूल्ये सर्वांना द्यायची, प्रत्येकाने आपल्या प्रोग्रामने आतले क्षेत्र काढायचे आणि मग सगळी उत्तरे एकाच मोजपट्टीवर तपासायची. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधात अशा सहा पद्धतींची तुलना आहे. २००८ मध्ये सूर्याशी अधिक मिळतेजुळते क्षेत्र चाचणीला घेतले, तेव्हा असे दिसले की दीप्तिगोलावरील मोजमाप जसेच्या तसे वापरले तर उत्तरे बिघडतात, कारण तिथे वायूचा दाब मोठा असतो आणि ‘बल नाही’ हे गृहीतक मुळातच लागू पडत नाही. त्याच वर्षी त्यांनी खऱ्या सूर्याकडे मोर्चा वळवला आणि १३ डिसेंबर २००६ रोजी एक्स ३.४ तीव्रतेची ज्वाला (एक्स हा ज्वालांचा सर्वांत तीव्र वर्ग) देणारा १०९३० क्रमांकाचा क्रियाशील प्रदेश, म्हणजे तीव्र चुंबकीय क्षेत्राचा भाग, जपानच्या हिनोदे उपग्रहाच्या मोजमापांवरून तपासला.

यानंतरचा २००९ चा निबंध मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला लावतो. त्यात १०९५३ या क्रियाशील प्रदेशावर सगळ्या पद्धती चालवल्या आणि निघालेल्या बलरेषा नासाच्या स्टिरिओ मोहिमेच्या दोन यानांनी दोन कोनांतून टिपलेल्या किरीटातील कमानींवर ठेवून पाहिल्या. उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत आणि कमानींशीही जुळली नाहीत. ज्यांनी ते प्रोग्राम वर्षानुवर्षे खपून लिहिले होते, त्यांनीच स्वतःच्या सहीने हे छापले आणि मोजलेल्या क्षेत्राचा तुकडा लहान पडतो, आडव्या घटकातील त्रुटी मोठी असते, तळाचे मोजमाप गृहीतकाशी विसंगत असते, अशी कारणेही मांडली.

आता याच माणसांची मोठ्या परिषदेत गाठ पडली असती तर काय झाले असते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. प्रत्येकाने आपली सर्वांत चांगली आकृती दाखवली असती, दोन-तीन प्रश्न झाले असते आणि सूत्रसंचालकाने घड्याळाकडे बोट दाखवले असते. दोन निबंध एकमेकांना विरोध करतात हे परिषदेत कळते. तो विरोध मोजायचा तर तीच आकडेवारी घेऊन सर्वांना एका टेबलापाशी बसावे लागते, आणि जो आपला प्रोग्राम घेऊन येतो त्याला पंचवीस जणांसमोर तो चालवून दाखवावा लागतो. माझ्या मते लहान कार्यशाळेचे मोल इथेच आहे.

टिळक रस्ता

मी व्यवसायाने संशोधक नाही. हौशी आकाशनिरीक्षक आहे आणि खगोलशास्त्राच्या इतिहासाचे वाचन करतो. वरील उदाहरणाच्या बऱ्याच आधीचे एक उदाहरण जोडावेसे वाटते.

अमेरिकेची स्कायलॅब ही अवकाशप्रयोगशाळा १४ मे १९७३ रोजी उडाली. तिच्यावरील सौर दुर्बिणींनी क्ष-किरणांत आणि अतिनील प्रकाशात सूर्याचे जे चित्रण केले ते एकेकट्या गटाला पेलणारे नव्हते. म्हणून पुढच्या काही वर्षांत कार्यशाळांच्या तीन मालिका झाल्या : पहिली किरीटातील विवरांवर, म्हणजे ज्यांना ‘कोरोनल होल’ म्हणतात त्यांवर, दुसरी सौरज्वालांवर आणि तिसरी क्रियाशील प्रदेशांवर. तिन्हींतून एकेक संपादित ग्रंथ निघाला, अनुक्रमे १९७७, १९८० आणि १९८१ साली.

पहिली मालिका मला विशेष मोलाची वाटते. पृथ्वीवर चुंबकीय वादळे सुमारे २७ दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा येतात, हे कित्येक दशके माहीत होते, आणि त्यांना कारण असणाऱ्या सूर्यावरील अदृश्य प्रदेशांना यूलियस बार्टेल्स यांनी १९३० च्या दशकात नावही देऊन ठेवले होते. पण ते प्रदेश दिसायला कसे असतात हे कोणालाच ठाऊक नव्हते. क्ष-किरण प्रतिमांतील काळोखी विवरे, यानांनी मोजलेले वेगवान सौरवाऱ्याचे झोत आणि जमिनीवरील चुंबकीय नोंदी हे तीन वेगवेगळ्या मंडळींचे विषय होते आणि त्यांची नियतकालिकेही वेगळी होती. या मंडळींना पुन्हा पुन्हा एकत्र बसवले गेले, तेव्हा विवरे हीच त्या वेगवान झोतांची उगमस्थाने आहेत हे चित्र पक्के झाले.

आपल्या पुण्याचा इतिहासही इथे आठवतो. आजचे सीओईपी हे अभियांत्रिकी विद्यापीठ ज्या कॉलेज ऑफ सायन्सची वारसदार संस्था आहे, तिथे १८८८ पासून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा चालत होती आणि कावसजी दादाभाई नायगमवाला ती पाहत होते. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ते सोलापूरकडच्या जेऊरला पथक घेऊन गेले आणि त्याचा सविस्तर अहवाल त्यांनी प्रसिद्ध केला. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालच्या सौर वेधशाळेला गेली. काम उत्तम होते, उपकरणे त्या काळच्या मानाने भारी होती. पण त्या कामावर वाद घालणारे, ते हाती घेऊन पुढे नेणारे वर्तुळ या शहरात तेव्हा नव्हते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यामुळेच ही परंपरा इथे खंडित झाली. आज विद्यापीठाच्या आवारात आयुका आणि रेडिओ खगोलशास्त्राची एनसीआरए शेजारीशेजारी आहेत आणि पाषाणला आयसर ही विज्ञानसंस्था आहे. वर्तुळ आहे. ते वापरले पाहिजे.

सिंहगड पायथा

वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, तरीही दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

लहान कार्यशाळा म्हणजे निवडक निमंत्रितांची बैठक. पंचवीस जागा असतील तर त्यांतल्या बऱ्याचशा एकमेकांना आधीपासून ओळखणाऱ्यांना जातात आणि उरलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांना. नांदेड किंवा जळगावच्या महाविद्यालयात एकट्याने काम करणाऱ्या प्राध्यापकाला अशी बैठक झाल्याचे कळते ते तिच्यातून निबंध निघाल्यावर, आणि निबंध निघालाच नाही तर कधीच नाही. मोठ्या परिषदेत निदान सारांश पाठवून भित्तिपत्रक लावता येते. तिथे दार सर्वांना उघडे असते.

दुसरा मुद्दा एकमताचा. एका खोलीत बसलेले लोक सहमतीकडे झुकतात. सौरडागांची संख्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्रात वाढते आणि घटते; त्यांतल्या २५ व्या सौरचक्राचेच पाहा. तज्ज्ञांच्या एका छोट्या मंडळाने २०१९ मध्ये असे जाहीर केले की डागांची कमाल संख्या ११५ च्या आसपास राहील आणि ती जुलै २०२५ च्या सुमारास येईल. प्रत्यक्षात समतलित, म्हणजे अनेक महिन्यांच्या सरासरीने काढलेली, संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये सुमारे १६१ वर पोहोचली. लहान गटाचा निर्णय म्हणून तो अधिक विश्वासार्ह ठरला नाही. मग समितीने शंका घेतली तर तिचे काय चुकले?

बलरेषा

दाराबद्दलचा आपला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि त्याचे समर्थन करण्याचा मी प्रयत्न करणार नाही. आयोजकांनी काही जागा खुल्या अर्जांसाठी राखल्या पाहिजेत आणि चाचणीची आकडेवारी व निकाल बैठकीनंतर सर्वांसाठी ठेवले पाहिजेत. आयुकाच्या सहयोगी योजनेमुळे विद्यापीठे आणि महाविद्यालयांतील अध्यापकांना तिथे येऊन राहता आणि काम करता येते. आदित्य-एल१ साठी इस्रो आणि नैनितालची एरीज ही खगोल संशोधन संस्था यांनी मिळून चालवलेले साहाय्य केंद्र तर विद्यार्थी आणि अध्यापकांना ही निरीक्षणे हाताळायला शिकवण्याच्याच कामाचे आहे. दार रुंद करण्याचे मार्ग आहेत.

सौरचक्राचे उदाहरण मात्र मला वेगळे वाटते. त्या मंडळावर शेवटी एक आकडा देण्याची जबाबदारी होती, कारण उपग्रह आणि वीजवाहिन्या सांभाळणाऱ्यांना नियोजनासाठी आकडा लागतो. ज्याला एक आकडा द्यायचा आहे त्याला मतभेद बाजूला ठेवावे लागतात. मी ज्या कार्यशाळांबद्दल लिहिले त्यांच्यावर तसे बंधन नव्हते. ‘आमची उत्तरे जुळत नाहीत’ हा निष्कर्ष घेऊन उठण्याची त्यांना मुभा होती आणि तसे त्या उठल्याही. शिवाय मंडळाबाहेरच्या एका गटाने २०२० मध्ये २३३ असा अंदाज वर्तवला होता, तोही बराच दूर गेला. पुढच्या काही वर्षांत सूर्याच्या आत काय घडणार हे सांगणे अजून अवघड आहे, आणि खोली लहान असो वा मोठी, ती अडचण तशीच राहते.

मापनशाळा

मी उपकरणांच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून एक गोष्ट अगदी जवळून दाखवतो.

समजा आपण नासाच्या एसडीओ या सौर यानावरील एआयए दुर्बिणीच्या प्रतिमांवरून एखाद्या सौरज्वालेचा प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार तेज कसे बदलते याचा आलेख, काढत आहात. आलेख चढू लागतो आणि मग अचानक करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होऊ लागतो. नवख्या विद्यार्थ्याला वाटते की ज्वालेत स्पंदने सापडली. उत्साहाने तो त्यांचा आवर्तकाल काढतो, त्यावर सिद्धांतही शोधतो. प्रत्यक्षात ज्वाला तेजस्वी झाल्याबरोबर दुर्बीण एकाआड एक प्रतिमेत उघडझापीचा वेळ (एक्स्पोजर) आपोआप कमी करते, म्हणजे संवेदक भरून जात नाही. प्रत्येक प्रतिमेला तिच्या उघडझापीच्या वेळाने भागले की दाते नाहीसे होतात. ही माहिती पुस्तिकेत असते, प्रतिमेच्या शीर्षनोंदीतही असते. पण ती कोठे पाहायची आणि का पाहायची, हे शेजारी बसून त्याच फाइलवर काम करणारा माणूस एका मिनिटात सांगतो. व्यासपीठावरून हे कोणी सांगत नाही, कारण ते कोणाच्याच निबंधाचा विषय नसते.

अतिनील दुर्बिणींच्या बाबतीत याची गरज दुप्पट आहे. अवकाशात गेल्यावर त्यांची संवेदनक्षमता हळूहळू घटते. एआयएच्या ३०४ अँगस्ट्रॉमच्या वाहिनीत ही घट मोठी झाली आणि ती दुरुस्त करण्यासाठी त्याच यानावरील, सूर्याचा एकूण अतिनील प्रकाश मोजणाऱ्या ईव्हीई उपकरणाशी तुलना करावी लागली; त्या ईव्हीईची पारख करण्यासाठी अधूनमधून काही मिनिटेच अवकाशात जाऊन परतणाऱ्या छोट्या अग्निबाणांवर (साउंडिंग रॉकेट) तसलेच उपकरण पाठवावे लागले. दुरुस्तीची ही साखळी ज्याला ठाऊक नाही, त्याला दहा वर्षांच्या आकडेवारीत सूर्य मंद होत चालल्याचा भास होईल. ‘सूट’ २०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात ११ गाळण्यांतून पूर्ण सूर्यबिंब पाहते, आणि मॅग्नेशियमच्या २७९.६ व २८०.३ नॅनोमीटरच्या जोडरेषांमध्ये अशा प्रतिमा सातत्याने मिळणे ही अभ्यासकांसाठी नवी संधी आहे. नव्या उपकरणाचे बारकावे पहिली काही वर्षे ते बनवणाऱ्यांच्या आणि रोज वापरणाऱ्यांच्या डोक्यातच असतात. मॅडम, आपण त्याच प्रतिमांवर काम करत आहात आणि पुण्यातच आहात, यासारखी दुसरी सोय नाही.

आणखी एक मुद्दा, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. एनसीआरएतील संशोधकांनी ऑस्ट्रेलियातील एमडब्ल्यूए या रेडिओ दुर्बिणीच्या साहाय्याने शांत सूर्यावर अतिशय क्षीण, क्षणिक रेडिओ लुकलुक सर्वत्र होत असल्याचे २०२० मध्ये दाखवले. चंद्रयान-२ वरील एक्सएसएम या सौर क्ष-किरणमापकाने २०१९-२० च्या सौर मंदीच्या काळात क्रियाशील प्रदेशांच्या बाहेर ९८ सूक्ष्मज्वाला क्ष-किरणांत टिपल्या. दीप्तिगोल सुमारे ५८०० केल्व्हिन आणि त्याच्या वरचा किरीट दहा लाख केल्व्हिनहून तप्त, या जुन्या कोड्याच्या उत्तरासाठी युजीन पार्कर यांनी १९८८ मध्ये नॅनोज्वालांची, म्हणजे असंख्य अतिसूक्ष्म ज्वाला किरीट तापवतात अशी, कल्पना मांडली होती. ही दोन्ही कामे तिच्याच आसपासची आहेत. परंतु रेडिओवाले तेजतापमानात (तापमानाच्या एककात सांगितलेले तेज) बोलतात, क्ष-किरणवाले उत्सर्जनमानात (तप्त वायू किती आहे याचे माप) आणि अतिनीलवाले संवेदकाच्या प्रतिसेकंद गणनेत. ‘तापमान’ हा शब्द सगळेच वापरतात, पण एकाचे किरीटाचे असते आणि दुसऱ्याचे खालच्या थराचे. ही एकके एकमेकांत बदलताना कोणती गृहीतके घुसतात हे फळ्यावर लिहून वाद घालण्यासारखे काम आहे, आणि त्याला खोली लहानच लागते.

विद्यार्थिनीला जरूर न्या. मात्र तिने नुसते ऐकायला येऊ नये.

अध्यापिका, कर्वेनगर

सर्वांचे मनापासून आभार. सिंहगड पायथा यांचा आक्षेप मी अर्जासोबतच्या टिपणात तसाच मांडणार आहे, कारण तो समितीच्या मनात येणारच आहे. एकच शंका आहे. विद्यार्थिनीने ऐकायला येऊ नये म्हणजे तिने नेमके काय घेऊन यावे? तिचे काम अजून निबंध लिहिण्याइतके पक्के झालेले नाही, आणि मोठ्या नावांसमोर तोंड उघडायला ती बिचकते.

मापनशाळा

निबंध नको. तिने एकच ज्वाला निवडावी, शक्यतो अशी जी ‘सूट’ने आणि आणखी एखाद्या उपकरणाने पाहिली आहे. २२ फेब्रुवारी २०२४ ची एक्स ६.३ तीव्रतेची ज्वाला या दृष्टीने चांगली आहे. तिच्या मूळ फाइली, त्यांवर केलेल्या प्रक्रियेची प्रत्येक पायरी आणि शेवटचा आलेख, असे सगळे लॅपटॉपवर उघडून दाखवता येईल अशा स्थितीत आणावे. जिथे उत्तर जुळत नाही ती जागा पुसू नये. तीच पहिल्या दिवशी दाखवावी. ‘इथे माझा आलेख एआयएशी जुळत नाही, कारण कळत नाही’ एवढे वाक्य तिने म्हटले की मोठी नावे खुर्च्या ओढून तिच्याभोवती बसतील; मी हे अनेकदा होताना पाहिले आहे. तोवर तिची भीड चेपावी म्हणून हेच सादरीकरण आधी आपल्या विभागात मराठीतून करून घ्या.

समितीसाठी टिपणात एवढेच लिहा : कोणती आकडेवारी घेऊन जाणार, कोणता प्रश्न सोडवून घेणार, आणि परत आल्यावर विभागातील इतर विद्यार्थ्यांना ती प्रक्रिया कोणत्या महिन्यात शिकवणार. तिसरे वाक्य वाचून समिती बहुधा सही करेल. सही नाही झाली तरी फाइली तयार झाल्यावर कळवा. आयुकाच्या आवारात आम्ही काही जण ठरवून बसतो, त्या बैठकीला आपण दोघींनी यावे, आणि सिंहगड पायथा यांनीही यावे.

सिंहगड पायथा

मी नक्की येईन. माझ्या माहितीतले नगरचे एक अध्यापक सौरडागांच्या नोंदींवर एकट्याने काम करतात. त्यांनाही आणले तर चालेल का?

मापनशाळा

अवश्य आणा. त्यांनी आपल्या नोंदवह्या बरोबर घ्याव्यात, आणि ते कोणत्या दुर्बिणीतून, किती व्यासाच्या बिंबावर डाग मोजतात हे आधी कळवावे, म्हणजे त्याच दिवसांच्या कोडाईकनालच्या प्रतिमा मी काढून ठेवतो.